दानाचा फोटो काढायचा की नाही?

शरणपूरची_सून

जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

विषय नाताळातल्या वाटपाचा आहे. नाताळ होऊन गेला, वाद काही संपत नाही, आणि पुढच्या पास्टोरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत) तो पुन्हा निघणार म्हणून इथे मांडते. चर्चचं नाव घेत नाही. असं वाटप सगळीकडेच होतं, त्यामुळे नावाने फरक पडत नाही.

डिसेंबरात आमच्या तरुण संघाने ब्लँकेटं आणि किराण्याच्या पिशव्या वाटल्या. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड. पोरांनी स्वतःच्या खिशातले पैसे घातले, उपासना सुटल्यावर दारात डबा घेऊन उभी राहिली, कडाक्याच्या थंडीत रात्री नाशिकरोड स्टेशनाबाहेर फिरली. त्यांच्या मनाबद्दल मला तिळभर शंका नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिला प्रतिसाद त्याबद्दलच येईल.

मग रील आलं. संथ केलेला व्हिडिओ, मागे गाणं, कोपऱ्यात संघाचं बोधचिन्ह. पिशवी देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, घेणारे जमिनीकडे. त्यात एक बाई आहे, ती आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चचीच सभासद. धुणीभांडी करते, मागच्या बाकावर बसते. चेहरा स्वच्छ दिसतो. तिचा मुलगा नववीत आहे आणि ते रील त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचलं. तेव्हापासून ती उपासनेला आलेली नाही. मी घरी गेले तर चहा केला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि मी निघताना म्हणाली, "ताई, पिशवी नसती दिली तरी चाललं असतं."

कमिटीत हे सांगितलं तर एका ज्येष्ठांनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:१६ वाचून दाखवलं: लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहावीत म्हणून तुमचा प्रकाश त्यांच्यासमोर पडू द्या. मी मत्तय ६:३ वाचलं: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. दोन्ही वचनं एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली. बैठक चहावर संपली.

तुमच्याकडे काय करतात?

तिखट_तर्री

आमच्या गल्लीतल्या देवळात पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलंय. पंखा चालू असला की गुप्तदान, लाइट गेली की जाहीर. अवांतराबद्दल क्षमस्व. बाकी +१.

हिशेबनीस

ताई, दुसरी बाजूही ऐका. मी एका मंडळीचा खजिनदार आहे, नावातच कळलं असेल.

पैसे गोळा करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची असते माहितीये? "खाल्ले असतील" या शब्दांची. चर्चच्या जागा, भाडी, ट्रस्टींची भांडणं यांवर आपले लोक इतके पोळलेत की एक ब्लँकेट कमी भरलं तरी कुजबुज सुरू होते. फोटो हा पोरांचा बचाव आहे. आणि याला शास्त्राधार आहे. यरुशलेममधल्या गरिबांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी जमवली तेव्हा त्याने पैसे एकट्याने नेले नाहीत. त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, २ करिंथ ८ वाचा. तीत या सहकाऱ्याबरोबर आणखी दोन भाऊ (विश्वासातले) पाठवले, त्यातला एक मंडळ्यांनीच निवडून दिलेला होता. कारणही लिहिलंय: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आपल्याला कुणी दोष लावू नये, म्हणून जे योग्य आहे ते प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसलं पाहिजे.

म्हणजे "देव बघतोय, पुरे" असं पौलसुद्धा म्हणाला नाही.

आणखी एक गंमत. विधवेने दिलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. मार्क १२ मध्ये येशू दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतंय ते बघत होता! आणि बघून शिष्यांना सांगितलंही.

शरणपूरची_सून

हिशेबनीस, येशूने त्या विधवेला पेटीजवळ उभं करून शिष्यांना "जरा इकडे बघा" म्हटलं नाही. आणि ती देणारी होती, घेणारी नव्हती. पौलाचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर विचार करते.

संघातला_एक

मी त्या रीलमध्ये नाही, पण अशी रीलं आम्हीही करतो. म्हणून थोडं कडक बोलतो, राग मानू नका.

मावशी-काकांना आमचा मोबाइल खुपतो. पण तुमच्या वेळी काय होत होतं? सिव्हिल हॉस्पिटलात फळवाटप आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो: एक केळं, नऊ हात. त्या पेशंटला कुणी विचारलं होतं? चर्चमधल्या बाकांवर, भिंतींवरच्या फरश्यांवर, घंटेवर नावं कुणाची आहेत? आमच्या पिढीने ती नावं कोरली नाहीत.

दुसरं म्हणजे रीलमुळे माल येतो. आमचं रील बघून संघाबाहेरच्या लोकांनी स्वेटर दिले, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, पुण्याला नोकरीला गेलेले आमचे जुने मित्र होते. नुसतं "ब्लँकेट हवीत" लिहिलं तर कुणी थांबून वाचत नाही. चेहरा दिसला की बोट थांबतं. हे वाईट असेल, पण असंच आहे. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला तुमचा नम्रपणा पांघरायला देता येत नाही.

त्या मावशींबद्दल वाईट वाटलं. त्यांना विचारायला हवं होतं. पण म्हणून सगळंच बंद करा, हे मला पटत नाही.

गोदाकाठचा

"एक केळं, नऊ हात." हे फार आवडलं.

जुना_उपदेशक

मी निवृत्त आहे. वय झालं, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आपण सगळे मत्तय पाच आणि सहाच्या मध्ये अडकलोय. त्या दोन वचनांचा झगडा मला तरी मोठा वाटत नाही. पाचव्या अध्यायातलं वाक्य पुढे वाचलं की कळतं: लोकांनी सत्कृत्ये पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. सहाव्यात जो कर्णा वाजवतो तो स्वतःच्या गौरवासाठी वाजवतो, आणि येशू म्हणतो की त्याला त्याचं प्रतिफळ मिळून चुकलं. रीलच्या कोपऱ्यात कुणाचं नाव आहे एवढं बघितलं की ते कुठल्या अध्यायात बसतं ते समजतं. पोरांनी स्वतःच ठरवावं.

पण ताईंनी जे सांगितलं त्याचं उत्तर या दोन्ही अध्यायांत नाही. कारण दोन्हीकडे प्रश्न देणाऱ्याच्या मनाचा आहे. देणारा नम्र आहे का, देणाऱ्याला प्रतिफळ काय, देणाऱ्यावर संशय येईल का. हिशेबनीसांचा मुद्दाही देणाऱ्याच्या बाजूचा, आणि संघातल्या मुलाचाही बराचसा तसाच. घेणारी बाई या चर्चेत कुठेच नाही.

ती १ करिंथ ११ मध्ये आहे. प्रभुभोजनाच्या वेळी (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा) आपण त्या अध्यायातला तेविसाव्या वचनापासूनचा भाग वाचतो. त्याच्या अगोदरचा भाग सहसा वाचत नाही. करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजनाला जमायचे तेव्हा ज्यांच्याकडे होतं ते आधी बसून खायचे-प्यायचे, आणि गरीब तसेच भुकेले राहायचे. त्यावर बाविसाव्या वचनात पौल चिडून विचारतो: तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय?

लाजवणं हा त्याने मोठा अपराध धरलाय, आणि तो प्रभुभोजनाच्या मेजाजवळचा अपराध धरलाय. तुमच्या मंडळीतली बाई मेजापासून दूर गेली आहे. पोटाला पिशवी मिळाली आणि भाकर सुटली. मी अजून कमिटीवर असतो तर फोटोचं धोरण वगैरे नंतर घेतलं असतं, आधी तिच्या घरी गेलो असतो.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही बघा. सोन्याची अंगठीवाला सभेत आला की त्याला चांगली जागा, आणि मळकट कपड्यातल्याला "तू तिथे उभा राहा" असं सांगणं. आपल्या स्नेहसंमेलनांत नगरसेवकासाठी सोफा आणून ठेवतात तेव्हा मला हमखास याकोब आठवतो. असो. भरकटलो.

शरणपूरची_सून

काका, बाविसावं वचन मी शेकडो वेळा ऐकायला हवं होतं आणि ऐकलेलं आठवत नाही. धन्यवाद.

मळेवाला_निफाड

मी ख्रिस्ती नाही. चर्चा वाचत होतो, राहवलं नाही.

आमच्याकडे पूर्वी बाजरी-गहू काढून झाला की गावातल्या गरीब बाया सरवा वेचायला यायच्या. कुणी कुणाला "देत" नव्हतं. शेतात पडलेलं वेचायचं, ओटीत घालायचं, घरी जायचं. माझी आजी गड्यांना सांगायची, फार झाडून काढू नका रे. आता द्राक्षं आहेत. निर्यातीचा घड वेगळा, लोकल वेगळा, उरलेला बेदाण्याला, सुटे मणीसुद्धा विकले जातात. बागेत काही म्हणजे काही राहत नाही. दान करायचं तर आता मुद्दाम पेटी भरून न्यावी लागते, आणि पेटी नेली की फोटो आलाच.

तुमच्या बायबलमध्ये सरव्याबद्दल काही आहे का? सहज विचारलं.

फादरांचा_भाचा

मळेवाले दादा, आहे, आणि तुमच्या द्राक्षांसकट आहे!

लेवीय १९:९-१०. पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, सरवा वेचू नको. द्राक्षमळा झाडून खुडू नको, खाली पडलेली द्राक्षं गोळा करू नको. गरिबासाठी आणि परक्यासाठी ती राहू दे. हा नियम आहे, ऐच्छिक दान नाही. पीक तुझं असलं तरी तेवढा भाग तुझा नाहीच.

आणि तुमच्या आजीसारखंच अगदी रूथच्या पुस्तकात आहे. रूथ परदेशी, विधवा, सासूला घेऊन आलेली. बवाजाच्या शेतात सरवा वेचते. बवाज गड्यांना गुपचूप सांगतो की पेंढ्यांतून तिच्यासाठी मुद्दाम काही कणसं पडू द्या, तिला वेचू द्या, आणि धमकावू नका (रूथ २:१६). मुद्दाम पाडलीत हे तिला कळलं नाही. तिने दिवसभर राबून कमावलं अशाच भावनेने ती घरी गेली असणार.

मी कॅथलिक आहे, तर आमच्याकडचंही सांगतो. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी नावाची संस्था आहे, १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेली. तेव्हा ओझानाम वीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे तोही एका अर्थाने "तरुण संघ"च. त्यांची पद्धत साधी: जोडीने गरिबाच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, गरज समजून घ्यायची, आणि कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. लोकांना रांगेत उभं करण्याऐवजी आपण त्यांच्या दारात जायचं. यात वेळ फार जातो. एका रात्रीत पन्नास ब्लँकेटं संपत नाहीत.

परखड_मत

एवढं अध्यात्म चाललंय तर एक सरळ प्रश्न. पिशवीत तांदळाबरोबर पत्रक पण असतं ना? मग हे दान की प्रचार?

शरणपूरची_सून

प्रश्न रास्त आहे, उत्तर देते. आमच्या पिशवीत नाताळाचं शुभेच्छापत्र होतं, त्यावर एक वचन. मला स्वतःला तेही नको वाटतं. तांदूळ घेणाऱ्याला कार्ड परत करता येत नाही, आणि जे नाकारता येत नाही ते शुभवर्तमान कसलं? ज्याला विचारायचंय तो "तुम्ही हे का करता" असं विचारेल, तेव्हा सांगू. कमिटीतले सगळे माझ्याशी सहमत नाहीत.

संपादक

धर्मांतर या विषयावर वेगळे धागे आहेत. इथे मूळ विषयावर राहा.

जेलरोडकर

एक कायद्याची गोष्ट, कारण बऱ्याच जणांना माहीत नसते. मी मुलांच्या क्षेत्रात काम करते.

बालगृहात जाऊन वाढदिवस साजरा करायचा आणि मुलांबरोबर फोटो टाकायचा, ही आता फॅशन झालीय. सर्व धर्मांत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केक कापतानाचा फोटोही त्यात येऊ शकतो. संस्थेने "चालेल" म्हटलं म्हणून चालत नाही.

मोठ्या माणसांच्या फोटोंना हे कलम लागू नाही. पण नववीतल्या त्या मुलाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, चेहरा आईचा होता, आणि भोगलं त्याने. तेव्हा "मुलं फ्रेममध्ये नव्हती" हेही पुरेसं नाही.

हिशेबनीसांना: ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी ऑडिट केलेले हिशेब जातात. तिथे पावत्या लागतात. भरलेले डोळे लागत नाहीत.

हिशेबनीस

जेलरोडकर, लागलं. (भरलेल्या डोळ्यांचं.) पण सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडून सीएसआरचे (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे) पैसे घ्या आणि मग बोला. अहवालाला "लाभार्थी फोटो" मागतात, तेही सामान हातात घेतलेले. कायद्याने मोठ्या कंपनीवर नफ्याच्या दोन टक्क्यांचं बंधन आहे, फोटोचं नाही. मागतात मात्र सगळे.

गोदाकाठचा

फोटोवरून आठवलं, आणि धागाकर्ती शरणपूरच्या आहेत म्हणून लिहितो. मी इतिहासाचा हौशी वाचक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज नौदलाने पकडली की त्यातली सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, त्यातली काही शरणपूरच्या शाळेत येत. जेकब वेनराइट त्यांपैकी एक. तो पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकाच्या शोधमोहिमेत गेला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच पुरलं, आणि ती प्रार्थना जेकबने वाचली. मग मृतदेह उन्हात वाळवून, गुंडाळून, सुमारे पंधराशे मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला जेकब होता.

आता फोटोचा मुद्दा. शवपेटीशेजारी बसलेल्या जेकबचा फोटो आजही पाहायला मिळतो. तो इंग्लंडात होता तेव्हा मिशनच्या सभांत त्याला लोकांसमोर उभं करत. चुमा आणि सूसी हे दोघे या सगळ्या प्रवासाचे पुढारी, ते दफनविधी उरकल्यावर पोचले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ पदकं पाडली, पण माणसं तोवर पांगली होती, अनेकांपर्यंत पदक पोचलंच नाही.

फोटोत कोण येतं आणि ओझं कुणी वाहिलं, यांचा मेळ तेव्हाही बसत नव्हता. पण संघातल्या मित्राच्या बाजूने हेही सांगतो की फोटो नसता तर जेकबचं नाव मला तरी कळलं नसतं.

जुना_उपदेशक

त्यात भर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत परदेशी मासिकांत आपल्याकडच्या हाडांच्या सापळ्यांसारख्या मुलांचे फोटो छापून येत आणि त्यावर वर्गणी जमे. त्या पैशावर अनाथाश्रम चालले, त्यांत जगलेल्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या मंडळ्यांत आहेत. कदाचित मीही. तेव्हा "फोटो वाईट" असं एका वाक्यात मला म्हणता येत नाही. पण त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. पोट भरलं म्हणून ते फिटत नाही.

संघातला_एक

जेकबचं माहीत नव्हतं. मी शरणपूर रोडवरून रोज जातो.

बरं, मग करायचं काय ते सांगा. टीका भरपूर झाली. चेहरा न दाखवता काम कसं चालवायचं? मला खरोखर हवंय, उपरोध नाही.

फादरांचा_भाचा

वस्तूंचा फोटो. बिलाचा फोटो. तुमच्या पोरांचा पिशव्या भरतानाचा फोटो, घामाघूम, ज्यांनी स्वतः होकार दिलाय त्यांचा. वाटप सुरू झालं की मोबाइल एकाच्या पिशवीत बंद. रील करायचंच तर पिशव्या भरण्याचं करा, ते बघायला मजा येते.

मळेवाला_निफाड

आमच्या गावातल्या एका दुकानदाराकडे लोक पैसे ठेवतात. ज्यांना गरज त्यांना चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन जायचं, हवं ते सामान घ्यायचं. बघणाऱ्याला वाटतं उधारीचं गिऱ्हाईक. तेवढं सगळ्यांचंच असतं.

हिशेबनीस

चिठ्ठी मला आवडली, कारण दुकानदाराचं बिल मिळतं आणि माझा हिशेब जुळतो. अडचणी तीन-चार दिसतात. दुकानदार भरवशाचा हवा. चिठ्ठीवर नाव नको, नंबर हवा, आणि नंबर-नावाची यादी दोनच माणसांकडे, म्हणजे पौलाचे दोन भाऊ आले. तंबाखू-गुटखा चालणार नाही हे दुकानदाराला आधी सांगायचं. आणि कुणी तेल न घेता मुलासाठी वह्या घेतल्या तर कमिटीत आरडाओरडा करायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

एकूण रक्कम किती जमली, किती खर्च झाली, किती कुटुंबं, एवढं उपासनेत जाहीर वाचून दाखवायचं. कुजबुज करणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

संघातला_एक

चिठ्ठीने रस्त्यावर झोपणाऱ्याचं भागत नाही, त्याला त्या रात्रीच ब्लँकेट लागतं. ते आम्ही वाटत राहू, विनाफोटो. पण पुढच्या वर्षी स्वेटर कमी आले तर हा धागा वर काढणार.

तिखट_तर्री

काढ. मी दोन देतो. नाव पंख्यावर टाका.

शरणपूरची_सून

सगळ्यांचे आभार. परवा रील काढून टाकलं. तरुण संघाच्या सचिवाने स्वतःच काढलं, मला भांडावं लागलं नाही. ज्यांनी आधीच पुढे पाठवलंय त्यांच्याकडून ते परत येणार नाही, हे त्यालाही कळतंय.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिच्या घरी पुन्हा जाणार आहे. या वेळी पाळकसाहेबांना घेऊन नाही, ते आले की घर आवरायला लागते ती. एकटीच जाईन. येईल की नाही माहीत नाही, आणि ये म्हणून गळ घालणार नाही.

चिठ्ठीची पद्धत कमिटीत मांडते आहे. बैठक बुधवारी संध्याकाळी आहे. हिशेबनीस, तुमच्याकडे नंबर-यादीचा काही नमुना तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि मळेवाले दादा, तो दुकानदार चिठ्ठीची मुदत किती दिवस ठेवतो?

मळेवाला_निफाड

महिनाभर. सणाच्या महिन्यात दीड.